‘अशा मुलांचं तसंच असतं’ असं सांगितलं गेलं, तर

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, पण त्यातलं काहीच फालतू नाही. म्हणून मला जे समजलं ते आधी परत सांगते. भाऊ ३१ वर्षांचा. लहानपणापासून मध्यम बौद्धिक अक्षमता. दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो. संरक्षित कार्यशाळेत, म्हणजे अशा प्रौढांना झेपेल असं काम देणाऱ्या केंद्रात, कागदी पिशव्या करायचा, दिवाळीआधी पणत्या रंगवायचा. वडील जाऊन १६ महिने झाले. त्या वेळी त्याला मावशीकडे पाठवलं आणि ‘बाबा गावाला गेलेत’ असं सांगितलं. गेले चार महिने तो कार्यशाळेत जात नाही, रात्री दोन-तीनला उठून दार उघडतो, स्वतःची दाढी स्वतः करायचा ती आता कुणालाच करू देत नाही, आणि दोनदा त्याने आईला मारलं. डॉक्टरांनी ‘अशा मुलांचं तसंच असतं’ म्हणून रिस्पेरिडोन हे मनोविकारांवरचं औषध सुरू केलं. आता तो दिवसभर पेंगतो आणि वजन सहा किलोंनी वाढलंय. त्यातच कार्यशाळेत पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी आली आहे. तिचा विषय बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांमधलं नैराश्य, आणि तिला आईची सही हवी आहे. तुम्ही विचारता की या लोकांच्या मनाच्या आजारांवर खरंच काही संशोधन झालंय की सगळं अंदाजपंचे चालतं, आणि सही द्यावी की नाही.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. गेली २२ वर्षं आठवड्यातला एक दिवस अशाच एका कार्यशाळेत बसते. मला तुमचे दोन्ही प्रश्न एकाच जागी अडकलेले दिसतात. डॉक्टरांनी आईला विचारलं, विद्यार्थिनीही आईलाच विचारतेय. तुमच्या अख्ख्या पत्रात भावाला कुणी काही विचारल्याचा उल्लेख नाही. हा तुमच्यावर ठपका नाही. या विषयातलं संशोधनही बरीच वर्षं असंच चाललं, आणि त्याने काय काय हातचं गेलं ते पुढे येईलच.

आधी मर्यादा. मी त्याला पाहिलेलं नाही. त्याला डाउन सिंड्रोम आहे का, फिट्स येतात का, त्याची दुसरी औषधं कोणती, हे पत्रात नाही, आणि या प्रत्येक गोष्टीने माझं उत्तर बदलू शकतं. डाउन सिंड्रोममध्ये थायरॉइडचा त्रास बराच आढळतो आणि तो हुबेहूब नैराश्यासारखा दिसतो. फिट्सची गोळी अलीकडे बदलली असेल तर तेही बघा, कारण लेव्हेटिरासिटामने काहीजण चिडचिडे होतात. आणि पुढे मी रिस्पेरिडोनबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून उद्या सकाळी गोळी बंद करू नका. एकदम बंद केल्यावर जो त्रास होतो तो पाहून सगळेच म्हणतात, ‘बघा, गोळीशिवाय चालत नाही.’

आता संशोधन. १९८२ साली अमेरिकेत स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधाच प्रयोग केला. मानसशास्त्रज्ञांना एका माणसाच्या मानसिक त्रासाचं वर्णन वाचायला दिलं. त्रास तोच, शब्द तेच. फरक इतकाच की काहींच्या कागदावर त्या माणसाला बौद्धिक अक्षमता असल्याचं लिहिलेलं होतं. तेवढ्याने तज्ज्ञांना त्रास कमी गंभीर वाटू लागला. याला डायग्नॉस्टिक ओव्हरशॅडोइंग असं नाव पडलं. मी त्याला सावली म्हणते. बुद्ध्यांकाची सावली एवढी मोठी पडते की तिच्याखाली उभं असलेलं दुसरं काही दिसतच नाही. तुमच्या डॉक्टरांचं ‘तसंच असतं’ हे त्याच सावलीतलं वाक्य आहे. ते वाईट डॉक्टर असतील असं मला वाटत नाही. एमबीबीएसला हा विषय आम्हाला किती शिकवला होता ते मला आठवतंय.

माझ्याकडूनही हे झालंय. सुरुवातीच्या वर्षांत एका २६ वर्षांच्या मुलीला माझ्याकडे आणलं होतं. (चाळिशीच्या माणसांनाही आपण इथे ‘मुलं’च म्हणतो. मीही म्हणते. सवय जात नाही.) ती उजव्या गालावर थपडा मारून घ्यायची. वर्तन-समस्या असं लिहून मी गोळी दिली, दोन आठवड्यांनी डोस वाढवला. महिन्याभराने गाल सुजला. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. ती बिचारी हात नेमका दुखत होतं तिथेच नेत होती, याहून स्पष्ट तिने काय सांगायला हवं होतं? तेव्हापासून माझ्या कागदावर पहिल्या ओळीत दात, कान, शौच, थायरॉइड एवढं असतं. मन त्यानंतर.

पण शरीरात काही सापडलं नाही तर? ग्लासगोमध्ये सॅली-अॅन कूपर आणि सहकाऱ्यांनी बौद्धिक अक्षमता असलेल्या १,०२३ प्रौढांची तपासणी केली, २००७ साली ते काम प्रसिद्ध झालं. त्यातले आकडे मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. या लोकांना ओळखणाऱ्या तज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासून निदान केलं तेव्हा ४०.९ टक्के लोकांना काही ना काही मानसिक त्रास निघाला. त्याच लोकांना सर्वसाधारण माणसांसाठी बनवलेले अमेरिकन निकष, म्हणजे डीएसएम, काटेकोरपणे लावले तर आकडा १५.७ टक्क्यांवर आला. माणसं तीच, मोजपट्टी बदलली. पहिल्या आकड्यात वर्तन-समस्यांचा वाटा मोठा आहे, त्यामुळे ४०.९ म्हणजे सगळे ‘मनोरुग्ण’ असा अर्थ काढू नका. तरीही हा फरक का पडतो ते समजून घेण्यासारखं आहे. नैराश्याचे नेहमीचे निकष माणूस स्वतःबद्दल काय बोलतो यावर उभे आहेत: मला निरुपयोगी वाटतं, अपराधी वाटतं, लक्ष लागत नाही. तुमच्या भावाकडे ‘मला निरुपयोगी वाटतं’ हे वाक्य नाही. त्याच्याकडे दाढी न करू देणं आहे.

नैराश्य या लोकांमध्ये असंच येतं. आधी जमणाऱ्या गोष्टी सुटतात. आवडीच्या मालिकेकडे पाठ फिरते. चिडचिड वाढते, झोप उडते, कधी एखादी वस्तू छातीशी धरून बसणं सुरू होतं. रॉयल कॉलेज ऑफ सायकिअॅट्रिस्ट्स या ब्रिटनमधल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने २००१ मध्ये यांच्यासाठी वेगळे निकष काढले ते यासाठीच. त्यांत चिडचिडेपणा आणि येत असलेली कौशल्यं गमावणं यांना लक्षण म्हणून जागा आहे.

तुमच्या पत्रातल्या तारखा मी कागदावर मांडून पाहिल्या. वडील गेले १६ महिन्यांपूर्वी, त्रास सुरू झाला चार महिन्यांपूर्वी. म्हणून तुम्ही लिहिलंत की ‘बाबांच्या जाण्याशी संबंध नसावा, तेव्हा तर तो छान होता.’ पण मधले १२ महिने सरले की काय येतं? वर्षश्राद्ध. तुम्हीच खाली लिहिलंय की त्या दिवशी वडिलांचा फोटो पहिल्यांदा हॉलमध्ये लावला, हार घातला. आजी-आजोबांच्या हार घातलेल्या फोटोंशेजारी. तोवर बाबा गावाला गेलेले होते आणि गावाला गेलेला माणूस परत येतो. माझा अंदाज, आणि हा अंदाजच आहे, असा की तुमच्या भावासाठी वडील चार महिन्यांपूर्वी वारले. रात्री दोनला तो दार कशासाठी उघडतो, याचाही या अंगाने विचार करून पाहा.

यावरही संशोधन आहे. शीला हॉलिन्स आणि एस्टरहाउझेन यांनी १९९७ मध्ये आई किंवा वडील गमावलेल्या ५० बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांची, तसा आघात न झालेल्या ५० जणांशी तुलना केली. शोकग्रस्त गटात मानसिक त्रास आणि वर्तनातले बदल स्पष्टपणे जास्त होते. मला जास्त लागलेली गोष्ट पुढची आहे: सांभाळणाऱ्यांना या बदलांचा त्या मृत्यूशी संबंध असेल असं बहुतेकदा वाटलंच नव्हतं. हॉलिन्सबाईंच्या स्वतःच्या मुलाला बौद्धिक अक्षमता आहे. त्यांनी पुढे शब्दांविना, नुसत्या चित्रांतून गोष्ट सांगणाऱ्या पुस्तकांची मालिका सुरू केली, त्यातली सुरुवातीची पुस्तकं आई-वडिलांच्या मृत्यूवरचीच होती. मी त्यांचीच युक्ती वापरते, फक्त चित्रं आपल्याकडची असतात: खाटेवर झोपलेला माणूस, पांढऱ्या कपड्यातली माणसं, नदीचा घाट, हार घातलेला फोटो.

आता गोळीकडे. २००८ मध्ये पीटर टायरर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. बौद्धिक अक्षमता असलेले, आक्रमक होणारे, पण ज्यांना सायकोसिस (भास-भ्रम होणारा आजार) नाही असे ८६ जण घेतले. काहींना रिस्पेरिडोन, काहींना त्याच प्रकारचं जुनं औषध हॅलोपेरिडॉल, काहींना नुसती दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. चार आठवड्यांनी आक्रमकता तिन्ही गटांत घटली, आणि सगळ्यात जास्त घटली ती बिनऔषधाच्या गोळीवाल्यांची. म्हणजे आजूबाजूची माणसं लक्ष देऊ लागली, कुणीतरी नियमित येऊन विचारू लागलं, काळ गेला, यातल्या कशाने तरी काम केलं असावं. ८६ हा आकडा लहान आहे, त्यामुळे यावरून ‘गोळी कधीच नको’ असं मी म्हणणार नाही. भास होत असतील, खरा सायकोसिस असेल, तर हीच औषधं आयुष्य सावरतात आणि मी ती लिहिते. पण ‘मारतो म्हणून गोळी’ या सवयीला आधार किती तोकडा आहे ते त्यातून कळलं. सवय मात्र मोडली नाही. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या ३३ हजारांहून अधिक बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्यांना अँटिसायकोटिक, म्हणजे रिस्पेरिडोनसारखी, औषधं मिळाली होती त्यांच्यातल्या ७१ टक्के लोकांच्या कागदावर गंभीर मानसिक आजाराची नोंदच नव्हती. मग २०१६ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेने ही अतिरिक्त औषधं कमी करायची मोहीम हाती घेतली.

उपचार कसे करावेत याचं मार्गदर्शन करणाऱ्या त्यांच्याकडच्या नाइस या संस्थेचा २०१५ चा सल्ला तुम्हाला थेट उपयोगी पडेल. अशा वर्तनासाठी अँटिसायकोटिक द्यायचंच झालं तर बाकीच्या उपायांच्या जोडीनेच द्यावं, तीन-चार आठवड्यांनी तपासावं, आणि सहा आठवड्यांत उपयोग दिसला नाही तर थांबवून नव्याने विचार करावा. तुमच्या डॉक्टरांकडे भांडायला जाऊ नका. विचारायला जा: ही गोळी नेमकी कशासाठी आहे, ती लागू पडतेय हे आपण कशावरून ठरवायचं, आणि कमी करायची तर कधीपासून? आमच्या धंद्यात या तीन प्रश्नांनी भल्याभल्यांचं पेन थांबतं. सहा किलो वजन वाढलंय म्हणजे साखर आणि चरबीची तपासणी व्हायला हवी, तेही सांगा. आणखी एक: या औषधाने काहींना आतून अशी बेचैनी येते की एका जागी बसवत नाही. ते येरझाऱ्या घालतात, आणि घरच्यांना वाटतं त्रास वाढला, मग डोस वाढतो. भाऊ पेंगतो की बेचैन होतो, की दोन्ही, हे नीट बघा.

गोळीशिवाय काय, तर इथे संशोधन बऱ्यापैकी ताजं आहे आणि प्रामाणिकही. बौद्धिक अक्षमता असलेल्या १६१ नैराश्यग्रस्त प्रौढांवर ब्रिटनमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये आला. एका गटाला, ज्या गोष्टींत रस होता त्या पुन्हा हळूहळू सुरू करून देणारी पद्धत, म्हणजे बिहेव्हियरल अॅक्टिव्हेशन. दुसऱ्याला सोप्या पुस्तिका घेऊन कुणीतरी सोबत बसून करायचा स्वयंसाहाय्याचा कार्यक्रम. दोन्ही गट सुधारले, आणि एक दुसऱ्याहून सरस ठरला नाही. काहीच न मिळालेला तिसरा गट नव्हता, त्यामुळे नुसत्या काळाने किती फरक पडला हे त्यातून सांगता येत नाही. पण दोन्हींत एक समान धागा होता: आधार देणारं ओळखीचं माणूस बरोबर बसायचं. उलट बाजूही सांगते. कर्मचाऱ्यांना सकारात्मक वर्तन-आधाराचं, म्हणजे वर्तनामागचं कारण शोधून परिस्थिती बदलण्याचं, प्रशिक्षण दिलं की आव्हानात्मक वर्तन घटेल, असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. २०१८ मध्ये इंग्लंडमध्ये त्याची मोठी चाचणी झाली, आणि नेहमीच्या सेवेपेक्षा फरक दिसला नाही. मला ते वाचून वाईट वाटलं होतं. तरीही, चांगल्या हेतूने केलेल्या गोष्टीही तपासल्या जातायत याचा दिलासा वाटला.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर: संशोधन आहे, पण थोडं आहे, आणि बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतलं आहे. थोडं का? नैराश्याच्या औषधांच्या मोठ्या चाचण्या पाहिल्यात तर कुणाला घ्यायचं नाही त्या यादीत बौद्धिक अक्षमता हमखास असते. म्हणजे जे औषध तुमच्या भावाला उद्या दिलं जाईल ते त्याच्यासारख्या कुणावर तपासलेलं असेलच असं नाही. आपल्याकडची तऱ्हा आणखी वेगळी. बुद्ध्यांक मोजण्याची आपली परंपरा जुनी आणि अभिमानाची आहे. धारवाडला वि. वि. कामतांनी १९३०च्या दशकात बिने चाचणी मराठी-कानडीत आणली. नागपूरला मालिन यांनी सामाजिक परिपक्वतेची मोजपट्टी भारतीय मुलांसाठी बेतली. प्रमाणपत्रासाठी आजही या दोन नावांशी गाठ पडते. किती कमी आहे हे मोजायला आपण पिढ्यानपिढ्या शिकलो. आत काय दुखतंय हे विचारायला मात्र उशिरा लागलो.

आणि विचारणं सोपं नाही, हे कबूल करते. १९८१ मध्ये कॅरल सिगेलमन यांनी दाखवून दिलं की या लोकांना हो-नाहीचे प्रश्न विचारले तर बरेच जण खात्री नसली की ‘हो’ म्हणतात. एकच गोष्ट उलटसुलट विचारली तरी दोन्हींना हो. आपल्याकडे तर विशेष शाळेत पंधरा वर्षं ‘हो बाई’ म्हणायचंच शिक्षण मिळालेलं असतं. एकाने मला सलग नऊ प्रश्नांना ‘हो’ म्हटलं. शेवटी विचारलं, ‘मी आत्ता या पंख्यावर बसू?’ तो गंभीरपणे म्हणाला, ‘हो.’ त्या दिवशीचे नऊच्या नऊ प्रश्न मी फाडून टाकले.

शब्दांचं आणखी निराळं. ग्लासगोमध्येच या लोकांसाठी नैराश्याची २० प्रश्नांची एक चांगली मोजपट्टी तयार झाली, सांभाळणाऱ्यासाठी वेगळी पुरवणी असलेली. पण ती मराठीत नेताना ‘उदास’ हा शब्द घातला की संपलंच. ‘उदास’ कार्यशाळेत कुणी बोलत नाही. ‘खिन्न’ तर मीही बोलत नाही. ‘करमत नाही’ मात्र जवळजवळ सगळ्यांना कळतं. ‘करमत नाही का?’ विचारलं की खाली मान घालून ‘नाय करमत’ असं उत्तर येतं, आणि त्या माणसाने वर्षभरात उच्चारलेलं ते सगळ्यात खरं वाक्य असतं. ‘रडू येतं का’, ‘जेवण गोड लागतं का’, ‘कोणाची आठवण येते’ हेही चालतात. विद्यार्थिनीला पहिला प्रश्न हाच विचारा: तुमची प्रश्नावली दाखवाल का, आणि त्यातले मराठी शब्द अशा किती जणांना विचारून ठरवले? तिने घाबरण्याऐवजी उत्साहाने सांगायला सुरुवात केली, तर मुलगी अभ्यास करणारी आहे असं समजा.

आता सहीचं. इथे कायदा थोडा नीट मांडते, कारण याबाबत पालकच काय, संस्थाचालकही चुकतात. भाऊ ३१ वर्षांचा आहे. १८ वर्षं पूर्ण झाली त्या दिवसापासून आई आपोआप त्याची कायदेशीर पालक राहिलेली नाही. बौद्धिक अक्षमता वगैरे असलेल्यांसाठीच्या नॅशनल ट्रस्टच्या १९९९ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. ते घेतलंय का बघा. (घेतलं नसलं तरी आभाळ कोसळत नाही, पण बँकेत आणि दवाखान्यात ते कधीतरी अडतं.) दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं सहावं कलम सांगतं की दिव्यांग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिची स्वतःची मुक्त आणि माहितीपूर्ण संमती हवी, तीही तिला समजेल अशा मार्गाने घेतलेली. शिवाय सरकारने नेमलेल्या संशोधन समितीची आधी परवानगी हवी, आणि त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थांचे असायला हवेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ बौद्धिक अक्षमतेला मानसिक आजार मानत नाही, तिला व्याख्येतूनच वगळतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यावरून काहीजण समजतात की तुमच्या भावाला तो कायदा लागूच नाही. त्याला नैराश्य असेल तर त्या नैराश्यासाठी त्याला इतर कुणाइतकेच हक्क आहेत.

हे एवढे नियम उगाच नाही आलेले. न्यूयॉर्कच्या विलोब्रूक या संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यापासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मुद्दाम काविळीच्या विषाणूची लागण करून अभ्यास झाले. पालकांच्या सह्या घेतल्या होत्या. त्या काळी संस्थेत जागा मिळणं मुश्किल, आणि काही पालकांना प्रवेशाचा मार्ग त्या अभ्यासाच्या वॉर्डातून जाणाराच उरला होता. सही होती, म्हणून संमती होती असं म्हणायचं का? आपल्याकडे १९९४ साली शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, ते संशोधन नव्हतं, पण ‘तिला काय विचारायचं’ हा प्रश्न तिथेही कुणाला पडला नव्हता. महाराष्ट्रभर गदारोळ झाला. पुढे २००९ मध्ये चंदीगडच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीच्या गर्भपाताचा आदेश रोखला: ती प्रौढ आहे आणि तिची संमती नाही, म्हणून. हे सगळं ‘आमच्या मुलांवर प्रयोग नकोत’ म्हणणाऱ्या पालकांच्या मनात कुठेतरी असतं. मी त्यांना चूक म्हणत नाही.

तरीही माझं मत सहभागाच्या बाजूने आहे. भीतीने सगळ्यांनीच नाही म्हटलं तर आपल्याला कायम ग्लासगोचेच आकडे सांगत बसावं लागेल. फक्त संमती त्याची घ्यायची, आणि ती एका कागदावर एका मिनिटात मिळत नाही. मी कशी घेते ते सांगते. आधी ‘नाही’ म्हणायचा सराव. ‘हे गाणं लावू?’ त्याने मान हलवली की लगेच बंद. ‘चहा देऊ?’ नको म्हटला की कप मागे. दोन-तीनदा असं झालं की त्याला कळतं, इथे ‘नाही’ चालतं. मग चार चित्रांचा एक कागद: ही ताई, ती प्रश्न विचारणार, तू आणि ती खोलीत बसणार, कंटाळा आला की तू उठून जायचं. दुसऱ्या दिवशी परत तोच कागद दाखवून त्यालाच सांगायला लावायचं. थोडंफार सांगता आलं तर पुढे. आणि बोलण्याहून शरीराकडे लक्ष: खुर्ची मागे सरकवणं, तोंड फिरवणं, चप्पल शोधणं. तोंडाने ‘हो’ आणि पायाने चप्पल शोधतोय, तर ते ‘नाही’ समजायचं. आईची सही याच्या जोडीला घ्यावी, याच्याऐवजी नाही.

विद्यार्थिनीशी बोलताना प्रश्नावलीखेरीज दोन गोष्टी नक्की विचारा. तिच्याकडे नीतिसमितीचं आणि लागणाऱ्या बाकी परवानग्यांचं पत्र आहे का? आणि तिच्या मोजपट्टीवर भावाचे गुण खूप वर आले तर ती काय करणार? दुसऱ्याचं उत्तर ‘सर, ते मी प्रबंधात नोंदवीन’ असं आलं तर सही करू नका. कुणाकडे पाठवणार, किती दिवसांत, हे आधीच ठरलेलं हवं. व्हिडिओ, फोटो याला मी सरसकट नाही म्हणते. तुम्ही तुमचं ठरवा. आणि माझ्या मते आत्ताच नको. तो दुखण्यात आहे आणि औषधाने पेंगतोय, या अवस्थेत तो काय ‘हो’ म्हणेल? तीनेक महिन्यांनी परत विचारा म्हणावं. चांगला अभ्यास तीन महिने थांबू शकतो.

तोवर घरी काय? एक वही करा. झोप, जेवण, शौच, मारलं तर त्याच्या आधीच्या दहा मिनिटांत काय झालं होतं. आईला दोनदा मारलं, ती वेळ आणि जागा आठवतेय का? दाढीचं साहित्य कुणाचं होतं? वडील त्याला दाढी करून द्यायचे का, की शेजारी उभं राहून दोघं करायचे? या वहीची दोन आठवड्यांची पानं घेऊन डॉक्टरांकडे जा. सोबत दात-कान तपासणी आणि थायरॉइडचा रिपोर्ट. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग असतो. मुंबईकडून सोयीचं पडत असेल तर नवी मुंबईत खारघरला बौद्धिक अक्षमतेच्या राष्ट्रीय संस्थेचं केंद्र आहे. रात्री-अपरात्री काही सुचलं नाही तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मराठीतही बोलतो. कार्यशाळेत एकदम पूर्ण दिवस पाठवू नका. फक्त पिशव्यांना चिकटपट्टी लावण्याच्या तासाला, आणि पहिले काही दिवस तुमच्यापैकी कुणी बाहेर थांबेल असं बघा.

राहिलं वडिलांचं. तुम्ही विचारलंय की आता इतक्या उशिरा खरं सांगून त्याला आणखी त्रास नाही का होणार. रडेल, कदाचित चिडेल. पण तो आत्ता एकट्यानेच ते कळून घेतोय. सांगताना शब्द सांभाळा. ‘देवाघरी गेले’ म्हणू नका. माझ्याकडच्या एका बाईंना तसं सांगितलं होतं, आणि त्या कितीतरी आठवडे रोज सकाळी देवघरात, ताम्हनाच्या मागे, समईच्या मागे आईला शोधत होत्या. ‘झोपले’ही नको, त्याने झोपेची भीती बसते. ‘बाबा आजारी होते. बाबा मेले. बाबा परत येणार नाहीत.’ ऐकायला रुक्ष वाटतं, पण त्याला तेच कळतं. मग फोटो हातात द्या, जमलं तर घाटावर घेऊन जा, आणि वडिलांची एक वस्तू त्याची म्हणून द्या. दाढीचा ब्रश असेल तर तोच.

‘गावाला गेलेत’ हे आईने सांगितलं होतं, म्हणून खरंही तिनेच सांगितलेलं बरं. तुम्ही शेजारी बसा. सकाळी सांगा, रात्री नको, आणि त्या दिवशी दुपारी त्याच्या आवडीचं जेवण असू द्या. दुसऱ्या दिवशी तो परत विचारेल, ‘बाबा कधी येणार?’ तेव्हा न चिडता तीच तीन वाक्यं परत सांगायची. बहुधा तिसऱ्या दिवशीही.